जग वाचवलं… आता पुढे काय?

बारावीचा शेवटचा पेपर देऊन तुम्ही केंद्राबाहेर पडलात तो दिवस आठवतोय? पहिले तीन दिवस नुसती झोप. मग दोन दिवस मित्रमैत्रिणींबरोबर भटकंती. आणि सहाव्या दिवशी दुपारी चार वाजता, गरगरणाऱ्या पंख्याकडे बघत पडलेलं असताना पोटात अचानक खड्डा पडतो. ‘एकदा बारावी होऊ दे, मग काय करायचं ते कर,’ हे वाक्य आई, बाबा, मावशी, क्लासचे सर, शेजारचे काका अशा सगळ्यांनी दोन वर्षं ऐकवलेलं असतं. झाली की बारावी! आता ‘काय करायचं ते’ म्हणजे नक्की काय, हे मात्र कुणीच सांगितलेलं नसतं.

माझी ती दुपार मला परवा परत आठवली ती एका जपानी गेममुळे. ‘फायनल फँटसी टेन-टू’. 2003 सालचा गेम, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठा. नाव ऐकून गोंधळू नका. हा बारावा भाग नाही, दहाव्या भागाचा दुसरा भाग आहे. या मालिकेत प्रत्येक नंबराला नवं जग, नवी माणसं अशी पद्धत. गेमच्या रूपात एखाद्या गोष्टीचा थेट सिक्वेल काढण्याची ‘फायनल फँटसी’च्या मुख्य मालिकेतली ही पहिलीच वेळ होती.

माझं मत आधीच सांगून टाकते. गेम आवडला. मनापासून आवडला. पण मधे मधे त्याने इतका वैताग आणला की दोनदा मी तो अनइन्स्टॉल करायला निघाले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींची कारणं सांगण्यासारखी आहेत.

(स्पॉइलर अलर्ट : दहाव्या भागाचा शेवट पुढच्या चार ओळींत फुटणार आहे. तो खेळायचाच असेल तर पान जपून ठेवा, नंतर वाचा.)

आधी काय घडलं?

‘फायनल फँटसी टेन’ 2001 मध्ये प्लेस्टेशन टूवर आला. स्पिरा नावाचं जग. तिथे ‘सिन’ नावाचा डोंगराएवढा राक्षस समुद्रातून येतो आणि गावंच्या गावं पुसून टाकतो. त्याला हरवू शकतात फक्त ‘समनर’. समनरने देवळोदेवळी यात्रा करायची, शेवटी झानारकँडच्या भग्न शहरात पोहोचायचं, सिनला मारायचं आणि त्यातच स्वतःही मरायचं. मग काही वर्षं शांतता. लोक तिला ‘काम’ म्हणतात, म्हणजे आपलं काम नव्हे, इंग्रजीतलं निवांतपण. काही वर्षांनी सिन परत. मग नवा समनर.

युना ही सतरा वर्षांची समनर. तिचे वडील याच वाटेने गेले, तीही हसत हसत निघालेली. आपण मरणार हे तिला माहीत आहे, गावाला माहीत आहे, सोबत्यांना माहीत आहे. माहीत नसतं ते फक्त टीडस नावाच्या मुलाला. शेवटी हे सगळे मिळून वेगळा मार्ग काढतात. सिन कायमचा संपतो, युना जगते, पण टीडस तिच्या डोळ्यांदेखत विरून जातो. हा शेवट बघून न रडलेला गेमर मला अजून भेटायचाय.

आता विचार करा. ज्या मुलीच्या कॅलेंडरमध्ये सतराव्या वर्षानंतरचं पानच नव्हतं, तिच्यासमोर अचानक अख्खं आयुष्य येऊन पडलंय. तिने करायचं काय?

एकदम गाणं!

टेन-टू सुरू होतो आणि पहिल्या मिनिटाला स्टेडियम, दिवे, नाचणारी युना आणि धमाल जे-पॉप. मूळ जपानी गाणं कुमी कोडाच्या आवाजातलं. मागच्या गेममध्ये जी मुलगी मेलेल्यांच्या आत्म्यांना वाट दाखवण्यासाठी पाण्यावर संथ नाचत होती, ती इथे मायक्रोफोन फिरवतेय. तेव्हाच्या चाहत्यांना हा धक्का पचला नव्हता आणि मीही पहिल्यांदा बघितलं तेव्हा ‘हे काय चाललंय?’ म्हणून पॉज केला होता. थोड्या वेळाने कळतं की स्टेजवरची युना खोटीच आहे. खरी युना तिथेच, एका गुबगुबीत मूगलच्या बाहुलीच्या पोशाखात लपलीय. आपलं चोरलेलं सामान परत घ्यायला आलीय.

खरी युना आता एकोणीस वर्षांची. सिनला मारल्यावर तिची दोन वर्षं कशी गेली, ते ‘इटर्नल काम’ नावाच्या छोट्या फिल्ममध्ये दिसतं. रोज लोक भेटायला येतात. भाषणं, सल्ले, आशीर्वाद. ‘न्यू येव्हन’ या नव्या पक्षाकडून लग्नाची मागणीसुद्धा येते. थोडक्यात, स्थळं यायला लागली! आणि स्वतःसाठी ती काय करते? समुद्रात बुडी मारून श्वास किती वेळ रोखता येतो याचा सराव. बस्स. जग वाचवणाऱ्या मुलीचा एवढा एकच छंद. मग एक दिवस मैत्रीण रिक्कू एक ‘स्फिअर’ घेऊन येते. स्फिअर म्हणजे जुन्या आठवणींचं रेकॉर्डिंग, आपल्या जुन्या मेमरी कार्डसारखं. त्यात कैदेतला एक मुलगा दिसतो, हुबेहूब टीडससारखा. युना लांब झगा काढते, शॉर्ट्स घालते, कमरेला दोन पिस्तुलं लावते आणि घर सोडते.

तिच्यासोबत रिक्कू आणि पेन. पेन म्हणजे लिहायचं नव्हे, दुखण्यातलं. काळे कपडे, कमी शब्द आणि युनाने काही बावळटपणा केला की तिचे ‘रिस्पेक्ट पॉइंट’ कापणारी मैत्रीण. अशी एक आपल्या प्रत्येक ग्रुपमध्ये असतेच. या मालिकेच्या मुख्य गेममध्ये लढणाऱ्या पार्टीत फक्त मुली असण्याचीही ही पहिलीच वेळ. आणि गंमत म्हणजे त्या तिघी बहुतेक वेळ कुठल्या मुलाबद्दल नाही, तर कामाबद्दल आणि एकमेकींबद्दल बोलतात.

जिंकल्यानंतरचं जग

या गेमची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे तो आधीच्याच जागा परत दाखवतो. नकाशे बरेचसे तेच. ‘कॉपी-पेस्ट केलंय’ अशी तक्रार होते ती यावरूनच. पण मला इथेच मजा आली. गाव तेच, माणसं बदललेली.

झानारकँडचंच घ्या. मागच्या गेममध्ये तिथे पोहोचायला आख्खा जीव पणाला लागला होता. दोन वर्षांत त्याचं पर्यटनस्थळ झालंय! पर्यटकांचे घोळके, उड्या मारणारी माकडं आणि गाइड कोण, तर इसारू, जो स्वतः एकेकाळी समनर होता. युनाला हे बघून जे वाटतं ते तुम्हालाही कळेल. लहानपणी ज्या गडावर धापा टाकत चढलात तिथे आता भेळेच्या प्लेट्स आणि रील्सवाल्यांची गर्दी दिसते तेव्हा वाटतं, तेच ते. पण इसारूवर रागावताही येत नाही. त्यालाही पोट आहे. ज्या कामासाठी तो तयार झाला होता ते कामच जगातून संपलंय.

जोसेच्या देवळात यंत्रांची कार्यशाळा सुरू झालीय. कालपर्यंत यंत्रं हे पाप होतं. तरुणांच्या ‘यूथ लीग’ला जुनं सगळं खोटं उघड्यावर आणायचंय, ‘न्यू येव्हन’ म्हणतं जरा दमाने घ्या. किलिका गावात डोना एका बाजूला आणि तिच्यावर जीव टाकणारा बार्थेलो दुसऱ्या. फॅमिली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निवडणुकीच्या दिवसांत काय होतं हे बघितलं असेल तर डोना-बार्थेलो तुम्हाला नवीन वाटणार नाहीत. मॅकलेनियाचं सुंदर जंगल हळूहळू मरतंय, कारण ज्या आत्म्यांच्या शक्तीवर ते उभं होतं तेही सिनबरोबर गेले. म्हणजे विजयाचीही किंमत असते आणि ती कुणीतरी भरतं. बेसेड बेटावर वाक्का आणि लुलूचं लग्न झालंय, बाळ येणार आहे आणि हा धिप्पाड खेळाडू बाप होण्याच्या कल्पनेने हादरलाय. त्याला स्वतःचे आईबाप आठवतच नाहीत, मग बाप कसं व्हायचं हे तो शिकणार कुणाकडून?

यातला एकही प्रश्न तलवारीने सुटणारा नाही. राक्षस मारून जग वाचवणारे गेम ढिगाने मिळतील. राक्षस मेल्यावर सोमवारी सकाळी लोक काय करतात, हे दाखवणारे फार थोडे. त्यासाठी या गेमला माझ्याकडून पूर्ण मार्क.

कपडे बदला, लढा

लढाईबद्दल तर तक्रारच नाही. मागच्या गेममध्ये तुमची पाळी येईपर्यंत सगळं थांबायचं, बुद्धिबळासारखं. इथे वेळ थांबत नाही. प्रत्येकीची पट्टी भरत जाते, भरली की वार. तिघींचे वार एकापाठोपाठ एक बरोबर लागले तर साखळी बनते आणि नुकसान वाढतं.

त्यावर ‘ड्रेसस्फिअर’ची आयडिया. लढाईच्या मधेच कपडे बदलायचे आणि कपड्यांबरोबर कामही. चोर, बंदूकधारी, योद्धा, काळी जादू, पांढरी जादू, सामुराई, डार्क नाइट, अल्केमिस्ट, आणि हो, गायिकासुद्धा, जी नाचून शत्रूला आंधळं करते. पार्टीत माणसं तीनच, पण कोण कधी काय होईल ते तुमच्या हातात. कुठल्या पोशाखातून कुठल्या पोशाखात जाता येईल हे ‘गार्मेंट ग्रिड’वर ठरतं. सुरुवातीला मी याला ‘ड्रेस-अप गेम’ म्हणून हसले होते. दहा तासांनी वहीत कॉम्बिनेशन्स लिहीत बसले होते. आणि एकदा ठरलं की आयुष्यभर योद्धाच राहायचं, असं इथे नाही. पहिल्या वर्षातच साइड चुकली असं वाटणाऱ्यांना हे किती छान वाटेल!

आता वैतागाकडे

पहिला वैताग : टक्के. होय, टक्के! हा गेम तुमच्या प्रगतीचा टक्का मोजतो आणि सगळ्यात पूर्ण शेवट बघायचा तर शंभर टक्के लागतात. गेम पाच प्रकरणांचा. प्रत्येक प्रकरणात हवं तिथे जायची मुभा आहे, पण एखाद्या गावात योग्य वेळी गेला नाहीत, कुणाशी बोलायचं राहिलं की गेला अंश. मेचेन नावाचे एक आजोबा आहेत, ते इतिहास सांगायला लागले की थांबत नाहीत. बटण दाबून त्यांना मधे थांबवलंत तर तेही अंगाशी येतं. म्हणजे बघा, गेमची गोष्ट काय, तर लोकांनी लादलेल्या कर्तव्यातून सुटलेली मुलगी मनासारखं जगायला निघते. आणि गेम आपल्याला काय सांगतो? हातात गाइड घेऊन, एकही चूक न करता, शंभरपैकी शंभर आण! माझे पहिल्या वेळी 71 आले. डिस्टिंक्शन हुकलं. दुसऱ्यांदा खेळताना आधीचे टक्के पुढे धरले जातात ही एक मेहेरबानी.

दुसरा वैताग : चौथं प्रकरण. यात बराच वेळ तुम्ही जहाजावर बसून ठिकठिकाणच्या कॅमेऱ्यांतून लोक काय करतायत ते बघता. सीसीटीव्ही कंट्रोल रूममध्ये नोकरी लागल्यासारखं वाटतं. त्याच्या शेवटी वादळी मैदानावर युनाची मैफल होते, भांडणारे दोन्ही गट एका जागी गाणं ऐकतात आणि तो प्रसंग इतका सुंदर आहे की आधीचं माफ करावंसं वाटतं. पण फक्त वाटतं.

तिसरा : गोष्ट विखुरलेली आहे. पेन आणि तिचे तीन जुने मित्र यांचा भूतकाळ हा या गेममधला सगळ्यात दमदार धागा. मैत्री, विश्वासघात, एकमेकांवर रोखलेल्या बंदुका. पण तो कोपऱ्याकोपऱ्यात लपवलेल्या स्फिअर्समध्ये तुकड्यातुकड्यांनी ठेवलाय. नाही सापडले, तर शेवटाकडे कोण कुणावर का चिडलंय हेच कळत नाही. मुख्य खलनायकाचं दुःखही घाईघाईत उरकलंय.

चौथा वैताग जरा गंभीर. तीन मुलींची गोष्ट आहे, पण कॅमेरा अनेकदा त्यांच्याकडे मुलींच्या नजरेने बघत नाही. काही पोशाख लढायला कमी आणि पोस्टरला जास्त. गरम पाण्याच्या झऱ्याचा एक सीन आहे, तो का आहे हे आपल्याला कळतं. शत्रूच्या घरात वेषांतर करून शिरल्यावर तिथल्या मॅडमची पाठ चेपून द्यायचा एक मिनीगेम आहे. तो खेळताना रूममेट आत आली तर काय समजावणार? युनाने स्वतःसाठी कपडे बदलले असं गोष्ट म्हणते. कॅमेऱ्याला मात्र ते आपल्यासाठी बदललेत असं वाटतं. ही तक्रार जुनी आहे आणि आजही रास्त आहे.

संगीतावर मतं टोकाची मिळतील. मूळ गेमला नोबुओ उएमात्सू यांचं संगीत होतं, इथे ते नाहीत. नोरिको मात्सुएदा आणि ताकाहितो एगुची यांनी पॉप आणि जॅझचा बाज आणलाय. जुनी हळहळ शोधायला गेलात तर निराश व्हाल. पण टायटल स्क्रीनवरची पियानोची धून ऐका. मी गेम सुरू न करता नुसती ती ऐकत बसलेय, अभ्यासाच्या टेबलावर.

‘नको’ म्हणायला शिकलेली युना

मग एवढं सगळं असून हा गेम मनात का राहतो? एका प्रसंगामुळे. (छोटा स्पॉइलर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

शेवटाकडे पुन्हा तीच वेळ येते. हजार वर्षांपूर्वीच्या युद्धातलं महाकाय यंत्र जागं झालंय, स्पिरा नष्ट होऊ शकतं. एक जण पुढे येतो. मी मरतो, म्हणजे बाकीचे वाचतील, असा त्याचा प्लॅन. मागच्या गेमच्या जगात अशा माणसाचा पुतळा उभारला असता. युनाच्या वडिलांचा उभारलाच होता. आणि तीच युना, जी स्वतः असंच मरायला हसत निघाली होती, इथे त्याला तोंडावर सांगते की हा प्लॅन बेकार आहे. कुणाच्या तरी मरण्यावर उभा राहिलेला विजय तिने एकदा बघितलाय. सगळे जिंकले आणि तिने माणूस गमावला. पुन्हा नको. दुसरा मार्ग शोधू, सगळे मिळून.

नाचगाणी, चमचमते कपडे, माकडं, मिनीगेम, हा सगळा पसारा पार करून गोष्ट इथे येते आणि अचानक कळतं की ही मुलगी दोन वर्षांत काय शिकली. आपण सगळेच त्यागाच्या गोष्टी ऐकत वाढतो. आईने नोकरी सोडली, ताईने शिक्षण सोडलं, बाबांनी गाणं सोडलं. त्या गोष्टी आदराने सांगितल्या जातात आणि मग हळूच आपल्याकडे बघितलं जातं. त्या त्यागाची किंमत नाकारायची नाही. पण ‘याशिवाय दुसरा मार्ग होता का?’ हे विचारायची परवानगी आपल्याला क्वचित मिळते. युना ती स्वतःच घेते. आवाज न चढवता.

टीडस सापडतो का? ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की मला 71 टक्क्यांवर जो शेवट मिळाला तोही मला पुरेसा वाटला. कारण तोवर मी त्याला शोधायला खेळतच नव्हते. तीही बहुधा फक्त त्यासाठी फिरत नव्हती.

आणि एक छोटी पुरवणी

आताच्या रीमास्टर आवृत्तीत ‘लास्ट मिशन’ नावाचा वेगळा भाग मिळतो. मुख्य गोष्टीनंतर काही महिन्यांनी तिघी परत भेटतात आणि एक उंच मनोरा मजल्यामागून मजला चढतात. खेळायला तो कंटाळवाणा आहे, अगदी खरं सांगते. पण चढताना त्यांच्यात कुरबुरी सुरू होतात. एक जण सतत जुने दिवस काढते, एक जण फार बोलत नाही, एकीचं लक्ष दुसरीकडेच. भांडण काही नाही. तरी आपण आधीसारख्या राहिलो नाही हे तिघींना कळतंय आणि ते कुणी आधी बोलायचं हे कळत नाही.

शाळेचा ग्रुप दिवाळीत भेटल्यावर अर्ध्या तासाने गप्पा संपतात ना, तेच. ग्रुपवर शेवटचा मेसेज कुणाच्या तरी वाढदिवसाचा असतो. या तिघी निदान मनोरा चढता चढता बोलून टाकतात. तुमच्या ग्रुपवर पुढचा मेसेज कोण टाकणार ते तुम्ही ठरवा. मी माझ्या ग्रुपवर परवाच टाकला. चौघींपैकी दोघींनी उत्तर दिलंय, तिसरीचं ‘टायपिंग’ दिसतंय.

खेळायचं असेल तर…

- टेन आणि टेन-टू हे दोन्ही गेम ‘एचडी रीमास्टर’ म्हणून एकाच पॅकमध्ये मिळतात. 2016 पासून पीसीवर स्टीमवर आहेत, प्लेस्टेशन फोर आणि निन्टेंडो स्विचवरही आहेत. सेलची वाट बघा.
- गेम जुना असल्याने साध्या लॅपटॉपवरही चालायला हरकत नाही. गेमपॅड असेल तर उत्तम.
- आधी टेन खेळाच. त्याशिवाय टेन-टूमधली अर्धी गंमत आणि सगळं दुःख हातचं जाईल.
- पहिल्या वेळी गाइड उघडू नका. जे गाव आवडेल तिथे जा. टक्के नंतर बघू.
- मेचेन आजोबा बोलायला लागले की फोन बाजूला ठेवा आणि ऐका. आजोबांचं मधे तोडू नये, गेममध्येही.